चौकातला आजा, पाळीवरची आजी

आयुष्यभर मी जड वस्तू उचलल्या. अंगात दम होता म्हणून नव्हे. माझी अंगकाठी पाहून लग्नाच्या बाजारात लोक आधी चहा देत आणि मग विचार करून कळवतो म्हणत. उचलायची ती चेनपुली. मी नुसता साखळी ओढत होतो आणि ओरडत होतो. वडील कोळशाच्या खाणीत होते. तिथल्या वर्कशॉपात येता-जाता हे काम पाहिलं, खाणीत नोकरी काही लागली नाही, मग तेच पोटापाण्याचं झालं. विहिरीत पडलेल्या मोटारी, वडशाकडच्या राइस मिलची यंत्रं, जळालेले ट्रान्सफॉर्मर, काय काय माझ्या साखळीला लटकलं. आमच्या समाजाच्या कितीतरी विहारांत बुद्धमूर्ती बसवायला मी गेलो. त्या दिवशी मात्र ओरडणं बंद, सगळं काम खुणेनं चालायचं.

पण संपादकांनी बजावलं आहे, मोटारींचं पुरे, दगडांबद्दल लिहा. तर दगड.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोरीव दगड कुठंही सापडतो. मोहाच्या झाडाखाली, शेताच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीवर म्हणजे बांधावर. गावासाठी, गुरांसाठी लढताना कोणी पडला की त्याच्या नावानं दगड उभा करत. त्यावर ढाल-तलवार घेतलेला माणूस, डोक्यावर चंद्र-सूर्य. शिकलेले लोक त्याला वीरगळ म्हणतात. गावात कोणी त्याला देव म्हणतं, कोणी आजा म्हणतं, आणि त्याच्यासमोर चप्पल काढतं. शहरांचं तसं नव्हतं. शहरांना चौक सजवायचे होते. आधी सिमेंटचे सारस झाले, मग हरणं झाली, वाघ तर इतके झाले की जंगलातल्यापेक्षा चौकातच जास्त दिसायला लागले. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की खरं कोरीव काम पाळींवर ऊनपाऊस खात पडलं आहे. तेव्हापासून माझं मोटारींचं काम मागं पडलं.

कोरीव दगड उचलण्यात अवघड काय, असं लोकांना वाटतं. यंत्राला कडी असते, हूक असतो. दगडाला पकडायला काहीच नसतं, आणि जे पकडावंसं वाटतं ते नेमकं त्याचं नाक किंवा हात असतो. म्हणून आधी भोवतालची माती मोकळी करायची, घाईनं सब्बल, म्हणजे पहार, घालायची नाही. मग गोणपाट, त्यावर जुन्या टायरचे तुकडे, त्यावर पट्टा. साखळी दगडाला लागू द्यायची नाही. बोटभर उचलायचा आणि थांबायचं. सगळ्यांनी गप्प बसायचं. आत कुठं जुनी चीर असेल तर दगड त्या वेळी बारीक आवाज करतो. आवाज आला की पुन्हा खाली ठेवायचा आणि बिडी ओढायची. माझा जोडीदार दादाजी या थांबण्यात पक्का. त्याच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही, त्याची बायको याला आळस म्हणते.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एका गावच्या पुढाऱ्यानं विचारलं, सिमेंट आणलंच आहे तर या वीराचं तुटलेलं नाक करून द्या, आणि जमलं तर मिशा. मी म्हटलं, मिशांचा अंदाज चुकला तर घरचे ओळखणार नाहीत. तो विचारात पडला आणि प्रकरण तिथंच मिटलं. बागेत बसवलेल्या एका दगडाला निवडणुकीत सगळ्या पक्षांचे दुपट्टे आळीपाळीनं मिळाले. निकालानंतर ते काढायला कोणी आलं नाही, दादाजीनं काढले.

आता ज्या दगडासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो.

सिंदेवाहीच्या पुढं जंगलाला लागून एक लहान गाव आहे. नाव घेत नाही. गोंडांची वस्ती, धानाची शेती, आणि गावापेक्षा मोठा तलाव. तलावाच्या पाळीचं काम निघालं होतं, मुरूम पडणार होता, आणि पाळीवर दोन दगड होते. वाटेच्या एका अंगाला पुरुषाचा, दुसऱ्या अंगाला बाईचा, एकमेकांकडे तोंड करून. पुरुषाचा दगड पाहून मीही थबकलो. ढालीवरची नक्षी, कमरेचा शेला, पायातले तोडे, सगळं काल कोरल्यासारखं. बाईच्या दगडावर मात्र काही उरलं नव्हतं. वर केलेला हात कळायचा, बाकी सगळं गुळगुळीत. शहरातल्या समितीनं चौकासाठी पुरुषाचा दगड निवडला. ग्रामपंचायतीचा ठरावही झाला होता. मुरमाखाली गाडला जाण्यापेक्षा बरं, असं सरपंचाला वाटलं आणि मलाही वाटलं. बाईचा दगड जरा वर सरकवून द्या, एवढंच सांगितलं होतं.

आम्ही पट्टा बांधत होतो तेव्हा एक म्हातारी येऊन बसली. सोमीबाई तिचं नाव. त्या दगडांची पूजा तिच्या घराकडे होती. आरडाओरडा नाही, काही नाही. दगड बोटभर उचलून आम्ही थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "कुठी नेऊन राह्यले भाऊ आज्याले?"

"शहरात, बाई. मोठ्या चौकात. सारे लोक पाहतीन."

"थो कोणाले पाहीन?"

मला हसू आलं. म्हटलं, गाड्या पाहीन. ती हसली नाही. उठून बाईच्या दगडापाशी गेली आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. मग आम्हाला घरी नेऊन तलावाच्या मासोळीचं कालवण आणि भात वाढला. इतकं चवदार कालवण पुन्हा मिळालं नाही.

चौकात आज्याला काळ्या फरशीच्या ओट्यावर बसवलं, भोवती हिरवळ, खालून दिवे. काम पाहणाऱ्या इंजिनिअर मॅडम नाशिककडच्या, वयानं लहान, पण कामाला पक्क्या. दगडात भोक पाडून सळई घालायला त्यांनी स्वतःच मनाई केली होती, त्यामुळं माझं त्यांच्याशी जमलं. आज्याचं तोंड मुख्य रस्त्याकडे ठरलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समोरचा मोबाइलवाला धावत आला, तलवारीचं टोक माझ्या दुकानावर येतं, धंदा बसेल. वरून फोन झाले. मॅडमनी कपाळाला हात लावला आणि आम्ही आज्याला थोडा डावीकडे फिरवला. दुकान पुढं बंद पडलंच, पण त्याला तलवार जबाबदार नव्हती.

त्यानंतर बरेच दिवस मी तो चौक ओलांडताना आज्याकडे पाहून घ्यायचो. पोरं-पोरी त्याच्याबरोबर फोटो काढत. ट्रॅफिकचा हवालदार त्याच्या सावलीत उभा राहायचा. काम चांगलं झालं, असं वाटून मला बरं वाटायचं.

मग एका हिवाळ्यात सोमीबाई माझं घर शोधत आली. बरोबर तिची नात रेखा होती. रेखाचं लग्न ठरलं होतं, कुरखेड्याकडचा मुलगा. मी अभिनंदन केलं. सोमीबाई म्हणाली, "लग्न होऊन राह्यलं, पण पोट्टीले घरातून काढता येऊन नाई राह्यलं."

तेव्हा मला त्या दोन दगडांचं खरं काम कळलं. त्यांच्या घरातली मुलगी लग्न होऊन निघाली की पाळीवरच्या वाटेनं, त्या दोघांच्या मधून निघायची. आधी आज्याला हळद लावायची, मग आजीला. आणि दोघांनाही आपल्या सासरच्या गावाचं नाव सांगायचं. मोठ्यानं, स्पष्ट.

"नाव काऊन सांगायचं?" मी विचारलं.

सोमीबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी बावळट विचारलं आहे. "नाई सांगतलं तं तिले पाहाले कुठी जातीन थे?"

आजीचा दगड गुळगुळीत का होता, तेही मग उमगलं. मुली आज्याला बोट लावून सरकत. आजीपाशी रडत, तिच्या तोंडावरून हात फिरवत. पिढ्यान्‌पिढ्या असे हात फिरले आणि तिचे नाकडोळे गेले. समितीनं तिला नापास केलं होतं ते यापायी.

रेखाच्या मोठ्या बहिणीचं लग्न आजा चौकात गेल्यावर झालं. तिनं एकट्या आजीला सांगितलं. ती नवऱ्याबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेली, आणि त्या हंगामापासून तिचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हता, ज्या गावी म्हणून गेली तिथं ती नव्हती. घरातले पुरुष दोनदा जाऊन हात हलवत आले. सोमीबाईला यात कोडं काहीच वाटत नव्हतं. "आज्याले माहीतच नाई ना थे कुठी हाय. आजी बाईमाणूस, एकटी कुठी कुठी पाहीन?" तिचं मागणं लहान होतं. आजा परत नको, ठराव झाला तर झाला. फक्त त्याचं तोंड गावाकडे करून द्या. रेखा चौकात येऊन त्याला सांगेल, पण तो पाठ करून बसलेला असताना कसं सांगणार?

मी या गोष्टी मानत नाही. माझ्या घरात बापानं देव्हारा उचलून ठेवला तेव्हापासून कोणी मानल्या नाहीत. पण ती म्हातारी आपल्या हरवलेल्या नातीचं नाव घेताना जशी पदराचं टोक चुरगाळत होती, ते पाहून मानण्या-न मानण्याचा प्रश्न मला पडलाच नाही. मी दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे गेलो.

त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "काका, तुमचं पटतंय. पण शहर सौंदर्य स्पर्धेची तपासणी येणार आहे. आराखड्यात दगड जसा दाखवलाय तसाच दिसायला हवा. ती होऊन जाऊ द्या."

"मोबाइलवाल्यासाठी फिरवला होता, मॅडम."

त्यांना ते लागलं. पण तपासणीनंतरच, हे त्यांनी बदललं नाही. आणि तपासणी लग्नाच्याच दिवशी येऊन पडली. मी फोन करून सोमीबाईच्या मुलाला तसं कळवलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्याच मुलाचा फोन. "भाऊ, चेनपुली घेऊन चौकात या ना. आमी येऊन राह्यलो."

मी आणि दादाजी पोहोचलो तर चौकात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत धानाच्या तणशीचा जाड थर, त्यावर नवं हिरवं लुगडं गुंडाळलेली आजी आडवी, आणि तिच्याभोवती गावच्या बाया, जशा आजारी माणसाला दवाखान्यात नेताना बसतात तशा. हळदीनं माखलेली रेखा आजीचं डोकं मांडीवर घ्यावं तशी दगडाच्या वरच्या टोकाशी बसली होती. चेनपुली नाही, क्रेन नाही. गावकऱ्यांनी लाकडी बल्ल्या आणि दोर लावून, हातानं तिला पाळीवरून आणलं होतं. एक टवका उडाला नव्हता. दादाजी माझ्या कानात म्हणाला, "आपल्याले काऊन बलावलं मंग?"

सोमीबाई ट्रॉलीतून उतरली. हवालदाराला, मला, सगळ्या चौकालाच म्हणाली, "थो येत नाई तं हे आली."

हवालदारानं मॅडमना फोन लावला. त्या आल्या त्या चिडून आल्या होत्या, ते चालण्यावरून दिसत होतं. गाडीचं दार उघडंच टाकलं. मग त्यांनी ट्रॉलीत पाहिलं. लुगड्यातला दगड, त्यावर ठेवलेला रेखाचा हात. मोबाइल वाजत होता तो त्यांनी बंद करून पर्समध्ये टाकला आणि मला विचारलं, "तपासणी दुपारी आहे. तोवर होईल?"

"होईल."

"मग उभे का आहात?"

मी आयुष्यात खूप वजन उचललं, पण त्या सकाळचं काम आठवलं की अजून हात शिवशिवतात. चेनपुलीची तिपाई आज्यावर उभी केली, पट्टा घातला. बोटभर उचलून थांबलो, तेव्हा चौकातल्या गाड्याही थांबल्या होत्या, कारण मॅडम स्वतः रस्त्यात उभ्या राहून त्या वळवत होत्या आणि हवालदार त्यांना मदत करत होता. आवाज आला नाही. आम्ही त्याला फिरवला, रस्त्याकडे पाठ, हिरवळीकडे तोंड. मग हिरवळीत खड्डा घेतला आणि आजीला उभी केली, तिच्या नवऱ्यासमोर. ओटा नाही, फरशी नाही. ती जमिनीतच उभी राहणारी बाई होती. गावच्या लोकांनी दगड-माती घालून पाय ठोकले. दादाजीनं लेव्हल लावून पाहिली आणि मान डोलावली.

रेखा दोघांच्या मध्ये आली. आज्याच्या पायाला हळद लावली, सासरच्या गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला, म्हणून सोमीबाईनं पुन्हा सांगायला लावलं. मग थोरल्या बहिणीसाठी रेखानंच सांगितलं, की ती खम्मम म्हणून भाग आहे त्या बाजूला गेली आहे, पुढचं गाव आम्हाला माहीत नाही, तुम्ही पाहा. मग ती आजीकडे वळली आणि तिच्या नसलेल्या तोंडावरून हात फिरवून जी रडली, त्यात बाया रडल्या, मी रडलो. मॅडमनी गॉगल लावला.

मला वाटलं होतं, आता आजीला पुन्हा ट्रॉलीत चढवायचं. मी पट्टा घेऊन पुढं झालो. सोमीबाईनं हात आडवा केला.

"राहू दे तिले. नवऱ्यापाशी आली, आता काऊन नेतो?"

"पण बाई, गावात मग काही राहिलं नाही. पुढच्या पोरी कोणाले सांगतीन?"

"मले सांगतीन," ती म्हणाली. "मी आहो ना."

ट्रॅक्टर रिकामा परत गेला. दुपारी तपासणीचे लोक आले. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, शिल्पाची पाठ रस्त्याकडे कशी? मॅडम म्हणाल्या, "तो बायकोशी बोलतोय." आमच्या शहराचा नंबर आला नाही. मॅडमची बदली झाली, ती होणारच होती. जाताना त्या चौकात उतरून आजीला हात लावून गेल्या, असं हवालदारानं मला सांगितलं.

थोरलीचा पत्ता पुढच्या उन्हाळ्यात लागला. ठेकेदारानं त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेलं होतं, फोन विकावा लागला होता. लेकरू कडेवर घेऊन ती आली. कोणामुळे आली, यावर मी वाद घालत नाही. सोमीबाईशी तर नाहीच.

मागच्या हिवाळ्यात मी त्या गावाला गेलो. साखळी ओढणं आता सुटलं आहे, खांद्यांनी नकार दिला. सहजच गेलो. पाळ मुरमानं रुंद झाली आहे आणि तिच्या तोंडाशी, मोहाखाली, सोमीबाई बसते. ऐकू कमी येतं. त्या दिवशी गावात लग्न होतं, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरचं. आता सगळ्याच घरच्या मुली तिच्यापुढून निघतात. मुलगी आली, वाकली, तिच्या पायाला हळद लावली आणि कानाशी ओरडून गावाचं नाव सांगितलं. सोमीबाईनं ते स्वतः म्हणून पाहिलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. बरोबर आल्यावर मुलीच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिला जाऊ दिलं. वरात पुढं गेली.

मी तिच्याजवळ बसलो. तिनं मला ओळखलं. तब्येत विचारली, दादाजीचं विचारलं. माझी बायको गेल्याचं तिला माहीत नव्हतं, ते सांगितलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुमाले पोरगी हाय ना भाऊ? कुठी देली?"

माझी मुलगी नर्स आहे. एकटीच दूर परदेशात नोकरी करते. तिची आई होती तोवर रोज फोन यायचा. आता आम्ही दोघं फोनवर हवापाणी बोलतो आणि ठेवतो. ती तिथं कशी राहते, काय खाते, मला नीट ठाऊक नाही, आणि विचारायचं म्हटलं तर शब्द सापडत नाहीत.

"मस्कत," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नाही. मी तिच्या कानाशी वाकलो आणि ओरडून सांगितलं, मोठ्यानं, स्पष्ट.

"मस्कट," ती म्हणाली.

"मस्कत."

"मस्कत." तिनं दोनदा म्हणून पाहिलं. "कोणत्या बाजूले येते?"

मी तलावाच्या पलीकडे, सूर्य बुडतो तिकडे हात केला. मोहाच्या खोडाला टेकलेली ती जमिनीला हात टेकून हळूहळू वळली आणि त्या बाजूला तोंड करून बसली.

"लय दूर हाय," ती म्हणाली. "पण आता माहीत झालं."